उंबरावरचा धनेश आणि दोनशे शर्ट

पत्र :

आदरणीय काकू, मी सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. बारावीनंतर तीन वर्षं लग्नपत्रिकांच्या दुकानात काम केलं, तिथंच स्क्रीन प्रिंटिंग शिकले. आता घरच्या पडवीत टेबल टाकलं आहे. शाळेचे, मंडळाचे टी-शर्ट छापते. गावातल्या दोघी मदतीला असतात. माझी पाखरांची चित्रं पाहून पुण्याच्या एका दुकानानं दोनशे शर्टांची ऑर्डर देऊ केली आहे. विषय वर्षावन. छपाई पर्यावरणपूरक हवी आणि शर्टावर ‘या शर्टाने वर्षावन वाचते, 10 टक्के संवर्धनाला’ असं लिहून हवं, असं ते म्हणतात. कोरा शर्ट मला 190 रुपयांना पडतो, ते 420 देतील आणि 899 ला विकतील. मी वर्षावन कधी पाहिलेलं नाही. जग्वार काढू की ओरांगउटान? शाई कोणती घेऊ? आणि आई म्हणते, ‘मागच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना शेजारच्या मामाले वाघानं नेलं, अन् तू कोणाचं जंगल वाचवून राहिली?’ तिला काय सांगू?
(नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर :

पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी तुझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले होते, पण ते शर्टाच्या कामातूनच निघेल असं वाटलं. म्हणून शर्टापासून सुरुवात करते.

ऑर्डर घे. वर्षावन पाहिलेलं नाही म्हणून हातचं काम सोडू नकोस. मात्र ते काय असतं हे नीट समजून घे. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, पाऊस काही कमी पडत नाही, वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर होतो, पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. मग साग, ऐन, तेंदू पानं टाकतात. फाल्गुनात जंगल उघडं पडतं, पळस उघड्या फांद्यांवर फुलतो आणि चितळ लांबून दिसतं. हे पानझडी जंगल. वर्षावनात पाऊस जास्त, कोरडे महिने थोडे किंवा नाहीतच, त्यामुळे छत बाराही महिने मिटलेलं. खाली जमिनीवर ऊन कवडशा-कवडशानंच पोचतं. म्हणून तिथलं बरंचसं आयुष्य वर चालतं. फळं वर, माकडं वर, पाखरं वर. तुझ्या चित्राची नजरही खालून वर जाणारी असू दे, हे इथंच सांगून ठेवते.

जग्वार आणि ओरांगउटान दोन्ही सोड. जग्वार अमेरिका खंडातला, ॲमेझॉनचा. ओरांगउटान फक्त बोर्निओ आणि सुमात्रा बेटांवरचा. दोघांमध्ये अख्खा महासागर आहे आणि तरी बाजारात एकाच शर्टावर दोघं शेजारी बसलेले मी पाहिले आहेत. ज्यानं ते काढलं त्याला जंगल नको होतं, जंगलाचा देखावा हवा होता. तुला ती गरज नाही, कारण वर्षावनाचा एक नातेवाईक तुझ्या गावात राहतो.

गावाच्या शिवारात उंबर किंवा वड असेलच. तिथं राखी धनेश येतो. चिलाएवढा, करडा, चोचीवर लहानसं शिंग असलेला. चैत्र-वैशाखात त्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार आतून विष्ठेनं लिंपून घेते. एक चीर तेवढी उघडी ठेवते. पिल्लं थोडी मोठी होईपर्यंत ती आत आणि नर बाहेरून त्या चिरेतून फळं भरवतो. आता हेच कुटुंब वर्षावनात ने. तिथला मोठा धनेश जवळपास चार फूट लांबीचा, काळा, पांढरा आणि पिवळा, डोक्यावर मोठं पिवळं शिरस्त्राण. तो सह्याद्रीतही आहे आणि ईशान्येतही. केरळचा आणि अरुणाचलचा तो राज्यपक्षी आहे. घर तसंच लिंपलेलं, नर तसाच चिरेपाशी लटकलेला आणि चोचीत तीच वड-उंबराच्या कुळातली फळं. फळ खाऊन बी लांब नेऊन टाकणारा हा पक्षी, म्हणून त्याला जंगलाचा माळी म्हणतात. मोठ्या बियांची झाडं रुजायला त्याच्यासारख्या मोठ्या चोचीचाच आधार असतो.

म्हणजे तुझ्याकडे विषय आहे: उंबराची फळं, ढोलीची चीर आणि चिरेशी आलेली चोच. राखी धनेश तू स्वतः पाहून काढ. महिनाभर सकाळी त्या झाडाखाली बस. चोच फळाला कशी धरते, मान कशी वळते, शेपटीचा तोल कसा सांभाळते, हे हाताला कळू दे. मग मोठ्या धनेशाची मापं पक्ष्यांच्या चांगल्या पुस्तकातून घे आणि त्या ओळखीच्या हालचालीवर चढव. इंटरनेटवरचा फोटो ट्रेस करू नकोस. फोटो काढणाऱ्याचा त्यावर हक्क असतो, आपल्याकडे कॉपीराइट कायदा 1957 चा आहे आणि फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं तो हक्क टिकतो. शिवाय ट्रेस केलेलं चित्र कळतं. त्यात पाहणाऱ्याचा श्वास नसतो.

एक जुनी गोष्ट सांगते. वीस-बावीस वर्षांपूर्वी वन्यजीव सप्ताहासाठी मी वाघिणीचा शर्ट छापला होता. तेव्हा मीही एका कॅलेंडरवरून ट्रेस केलं होतं. घाईत पॉझिटिव्ह, म्हणजे चित्राची फिल्म, उलटं लागलं आणि छपाई आरशातल्यासारखी उमटली. माझ्या लक्षात आलं नाही, आयोजकांच्याही नाही. संध्याकाळी एका वनमजुरानं शर्ट हातात घेतला, पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘बाई, हे वाघीण तं उलटी आहे. हिच्या डाव्या अंगाचे पट्टे उजवीकडं आले.’ त्याला ती वाघीण ओळखीची होती. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे आणि दोन्ही अंगांचेही वेगळे, हे मला त्या दिवशी कळलं. तुझ्या धनेशातही अशी एक जागा आहे: नराचा डोळा लाल, मादीचा पांढरा. चिरेबाहेरचा नर आहे, तेव्हा तिथं लाल ठिपका आला पाहिजे.

आता रंगांचं बघ. कोऱ्या, न रंगवलेल्या सुती कापडावर छाप. कापडाचा मळकट पांढरा हाच पक्ष्याच्या मानेचा आणि शेपटीचा पांढरा. मग तुला दोनच स्क्रीन लागतील, काळी आणि पिवळी. लाल डोळ्यासाठी तिसरी स्क्रीन करू नकोस. तो ठिपका तुम्ही तिघींपैकी कोणीतरी छोट्या स्टेन्सिलनं हातानं द्या. दोनशे ठिपके एका दुपारचं काम आहे, पण तेवढ्यानं प्रत्येक शर्ट एकदा तुमच्या डोळ्यांखालून जाईल आणि खराब माल तिथंच वेगळा निघेल. काळ्या-पिवळ्याच्या कडा एकमेकींवर थोड्या चढू दे, नाहीतर हिसका बसला की मधून कापड डोकावतं. पिसांच्या रेषा केसासारख्या बारीक ठेवू नकोस, होजिअरीच्या कापडावर त्या तुटतात.

कोऱ्या कापडाचा आग्रह मी फक्त रंग वाचवायला धरत नाही. तुझे टी-शर्ट बहुधा तिरुप्पूरचे असतील, होजिअरीचं मोठं गाव तेच. तिथल्या रंगाई कारखान्यांच्या पाण्यानं नोय्यल नदीची आणि खालच्या शेतांची अशी दशा झाली की 2011 च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाला ते कारखाने बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. त्यानंतर सांडपाणी शुद्ध करण्याचे नियम कडक झाले, कामही झालं. पण गडद काळा शर्ट घेताना त्या पाण्याचा हिशोब शर्टात असतोच. न रंगवलेलं, ब्लीच न केलेलं कापड मागितलंस तर ती पायरीच गळते. जाडी 180 जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपास घे आणि शंभर टक्के सुती आहे याची खात्री कर. पॉलिस्टर मिसळलेलं कापड धुण्यागणिक प्लास्टिकचे बारीक तंतू सोडतं, ते शेवटी ओढ्यातच जातात.

दुकानवाले कदाचित म्हणतील, ‘सेंद्रिय कापूस’ असं लिही. लिहू नकोस. गॉट्स नावाचं जे प्रमाणपत्र असतं ते जिनिंगपासून शिलाई-छपाईपर्यंत साखळीतल्या प्रत्येकाकडे लागतं. तुझ्या पडवीला ते नाही. ‘विदर्भाच्या कापसाचा शर्ट’ असंही लिहू नकोस, कारण तिरुप्पूरच्या सुतात कापूस कुठला हे तुला सांगता येणार नाही. मला स्वतःला हे लिहायला आवडलं असतं. यवतमाळ-वर्ध्याचा कापूस बहुतांश कोरडवाहू, पावसावर येतो. ‘एका टी-शर्टला 2,700 लिटर पाणी’ हा जो आकडा सगळीकडे फिरतो तो जगाची सरासरी धरून काढलेला, आपल्या कोरडवाहू शेताचा नाही. पुढं कधी खरंच इथल्या कापसाचं काम करायचं झालं तर वर्ध्याला जा. तिथं 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं मगन संग्रहालय आहे, खादी आणि नैसर्गिक रंगाचं काम चालतं. ग्रामीण औद्योगिकीकरणाची महात्मा गांधी संस्थाही तिथंच आहे. एक दिवस घालव, बघ, विचार.

शाईचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथं फसवणूक सर्वात जास्त होते आणि ती बहुतेक वेळा नकळत होते.

बाजारात ‘रबर प्रिंट’ या एका नावाखाली बरंच काही विकलं जातं. त्यातली प्लास्टिसॉल ही शाई म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक आणि ते मऊ ठेवणारं तेलकट रसायन. ती आपोआप वाळत नाही, 160 अंशांच्या आसपास तापवावी लागते, आणि स्क्रीन धुवायला थिनर किंवा रॉकेल लागतं. दिसते झकास. पण तुझ्या कामाला ती नको. तू पाण्यात मिसळणारी पिगमेंट शाई घे, रंग कापडाला धरून ठेवणारा बाइंडर आणि तो पक्का करणारा फिक्सर यांच्यासह. कापडात मुरते, हाताला जाड लागत नाही, स्क्रीन पाण्यानं धुता येते. विकत घेताना बाइंडर फॉर्मल्डिहाइड नसलेला आहे का, शाईच्या पेस्टमध्ये रॉकेल आहे का, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचार आणि कंपनीचा माहितीपत्रक-कागद माग. वास घेऊन बघ. रॉकेल लपत नाही. आणि एक लक्षात ठेव: हा बाइंडर ॲक्रिलिकचा असतो, म्हणजे तोही एक प्रकारचं प्लास्टिकच, फार कमी प्रमाणात. म्हणून टॅगवर ‘प्लास्टिकमुक्त’ हा शब्द येता कामा नये.

शाईपेक्षा मला तुझ्या स्क्रीनची जास्त काळजी आहे. लग्नपत्रिकांच्या दुकानात तू इमल्शनमध्ये, म्हणजे जाळीवर लावायच्या उजेडानं कडक होणाऱ्या लेपात, नारिंगी पाणी घालून स्क्रीन केली असशील. ते बायक्रोमेट. त्यातलं क्रोमियम कॅन्सरकारक आहे, हाताला लागत राहिलं तर कातडीवर चट्टे आणि जखमा होतात. पर्यावरणपूरक शाईनं धनेश छापायचा आणि त्याची स्क्रीन बायक्रोमेटनं करून पाणी बोडीत, शेताजवळच्या तळ्यात, सोडायचं, हे आपल्याला चालणार नाही. डायझो सेन्सिटायझरचं किंवा तयार फोटोपॉलिमर इमल्शन घे आणि पाण्याच्या शाईला टिकणारं आहे का ते विचार, नाहीतर पन्नासाव्या शर्टाला स्क्रीन विरघळायला लागेल. थोडं महाग पडतं. जुनं बायक्रोमेट उरलं असेल तर कुठंही ओतू नकोस. घट्ट झाकण लावून, वर नाव लिहून, पोरांच्या हाताबाहेर ठेव आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारून त्याची विल्हेवाट लाव. उन्हात एक्सपोज करायची तुझी सवय मात्र चालू ठेव, आपल्याकडे ऊन फुकट आहे. फक्त डायझोला वेळ वेगळा लागतो, तेव्हा आधी लहान तुकड्यावर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या पट्ट्या घेऊन वेळ ठरव.

मी हे पोटतिडकीनं सांगते, कारण मी चुकलेली आहे. सुरुवातीची चार वर्षं मी थिनरनं स्क्रीन धुवून पाणी परसात सोडत होते. एक दिवस म्हैस हौदापाशी गेली, नाक लावलं आणि न पिता परत फिरली. त्या दिवसापासून मी थिनर घरात आणला नाही. तू तर भाताच्या मुलखात आहेस. तुझ्या पडवीतून निघालेलं पाणी बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, बोडीत आणि बोडीतून मामा (माजी मालगुजारी) तलावात जाणार. पिगमेंटचं पाणीही सरळ सोडू नकोस. आधी उरलेली शाई खरवडून डब्यात परत घे, मग ओल्या फडक्यानं स्क्रीन पूस आणि मगच टबात धू. टबातलं पाणी रात्रभर निवळू दे. वरचं निवळ पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धुण्याला वापर. खालचा गाळ उन्हात वाळवून पिशवीत साठव. दोनशे शर्टांचा गाळ मूठ-दोन मूठ होतो. एवढ्यासाठी तलाव का घाण करायचा?

आता आपल्या उन्हाळ्याचं. पाण्याची शाई एप्रिल-मेमध्ये जाळीतच वाळते आणि पाचव्या शर्टाला पिसं गायब होतात. पहाटे पाचला सुरू करा, आठला थांबा. प्रत्येक ओढीनंतर शाईचा पातळ थर स्क्रीनवर परत ओढून ठेवा, म्हणजे जाळी उघडी राहत नाही. कूलरचा झोत टेबलावर येऊ देऊ नका. शाईवाल्याकडून शाईचं वाळणं लांबवणारा रिटार्डर मिळतो, तोही जपूनच घाला, नाहीतर शाई पक्की होत नाही. पक्कं करायला 150 अंशांवर चार-पाच मिनिटं उष्णता लागते. इस्त्रीनं होतं, पण दोनशे शर्टांना हात दुखून येईल आणि एकसारखं तापणार नाही. तालुक्याला कप-टीशर्ट छापणाऱ्यांकडे हीट प्रेस असतं, दोन दिवसांसाठी भाड्यानं माग. आणि ऑर्डर पाठवण्याआधी एक शर्ट घरच्या साबणानं दहा वेळा धू, दगडावर आपटून धू, उन्हात वाळव.

तुझ्या अंगणातल्याच गोष्टींनीही छापता येतं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिरड्याच्या पाण्यात कापड बुडवून वाळवायचं. वेगळ्या मडक्यात गंजलेलं लोखंड, गूळ आणि पाणी दोन-तीन आठवडे आंबवायचं. ते काळं पाणी धावड्याच्या डिंकानं किंवा चिंचोक्याच्या पिठानं घट्ट करून स्क्रीनमधून ओढायचं. हिरडा आणि लोखंड भेटले की कापडावर काळा रंग उमटतो. कलमकारीवाले पिढ्यान्‌पिढ्या हाच काळा वापरतात. धनेशाच्या पंखाला हा काळा इतका शोभेल की विचारू नकोस. पण ही दोनशेची ऑर्डर त्यावर लावू नकोस. लोखंड जास्त झालं तर सुती धागा कालांतरानं कुजतो आणि प्रमाण हाताला बसायला वर्ष जातं. दहा झोळ्या, दहा दुपट्टे करून बघ. पळसाच्या फुलांचा पिवळा मोह घालेल, मलाही घातला होता. उन्हात तो उडतो. गिऱ्हाइकाला विकायच्या शर्टावर नको.

आता पैसे. ‘10 टक्के संवर्धनाला’ हे वाक्य मला खटकलं. कशाचे दहा टक्के? तुझ्या आकड्यांवर मी माझ्या अंदाजानं हिशोब मांडला. कोरा शर्ट 190, शाई-स्क्रीन-वीज-बांधणी 45, दोघींची मजुरी 40, खराब जाणारा माल 12, पुण्यापर्यंत पाठवणं 18. झाले 305. तुझ्या हातात उरतात 115. या नफ्याचे दहा टक्के म्हणजे साडेअकरा रुपये. तुझ्या विक्रीच्या किमतीचे दहा टक्के 42. दुकानाच्या किमतीचे जवळपास 90. गिऱ्हाईक 899 मोजताना मनात नव्वद धरणार आणि प्रत्यक्षात साडेअकरा जाणार, ही शक्यता त्या वाक्यात उघडी आहे. टक्के नकोत, रुपये लिही. माझं मत असं: तू शर्टामागे 30 रुपये दे आणि दुकानाला सांग की तुम्हीही 30 घाला. दोनशे शर्टांचे 12,000 होतात. तुला तरीही 17,000 उरतात आणि मजुरी वेगळी गेलेली असते. दुकान तयार नसेल तर टॅगवर फक्त तुझे 30 लिही. पण दोघींची मजुरी कमी करून ही देणगी वाढवायची नाही, हे मी तुला बजावून सांगते.

पैसे कुठं द्यायचे? ‘वर्षावन’ नावाचा कुणी पावती फाडत नाही, काम करणारी माणसं शोधावी लागतात. तुझ्या चित्राशी जुळणारं एक काम मला माहीत आहे. अरुणाचलच्या पक्के व्याघ्र प्रकल्पाभोवती 2011-12 पासून धनेशाच्या घरट्यांचं पालकत्व घेण्याचा कार्यक्रम चालतो. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन, तिथल्या न्यिशी जमातीच्या गावबुऱ्यांची (गावप्रमुखांची) घोरा-आभे सोसायटी आणि वनखातं मिळून तो चालवतात. गावातलीच माणसं ढोलीवर नजर ठेवतात आणि देणगीतून त्यांचं मानधन निघतं. ज्या समाजात पूर्वी धनेशाची चोच पुरुषांच्या टोपीवर मिरवायची, तिथलीच माणसं आज त्याची घरटी राखतात. शर्ट छापायच्या आधी त्यांना पत्र लिही, ही रक्कम एवढी आणि या कामासाठी चालेल का विचार, त्यांचं नाव टॅगवर घालायला लेखी परवानगी घे आणि पावती जपून ठेव.

‘या शर्टाने वर्षावन वाचते’ हे वाक्य मात्र दुकानाला काढायला लाव. शर्टानं जंगल वाचत नाही. शिवाय ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पर्यावरणाच्या नावानं केलेल्या फसव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असं मोघम लिहून भागत नाही, दाव्यामागचा पुरावा दाखवता आला पाहिजे. तू कापडी टॅगवर साधं लिही: कापड शंभर टक्के सुती, न रंगवलेलं. छपाई पाण्यातल्या पिगमेंट शाईनं, हातानं, गोंदिया जिल्ह्यात. या शर्टामागे इतके रुपये धनेशाच्या घरट्यांच्या राखणीला दिले, पावती मागितल्यास दाखवू. मोघम घोषणेपेक्षा हे वाचून माणूस शर्ट घेईल, मला खात्री आहे.

आता आईकडे येते.

तिचा राग बरोबर आहे. मोहफुलं वेचायला पहाटे जावंच लागतं, वाकूनच वेचावी लागतात आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस दिसत नाही. ज्या घरातून माणूस गेला त्याच्या शेजारच्या पडवीत वाघाचा देखणा चेहरा छापायचा, हे मीही केलं नसतं. म्हणून निदान एक-दोन वर्षं वाघ छापू नकोस. व्याघ्र प्रकल्पांच्या गेटवरच्या दुकानांत तसे शर्ट ढिगानं मिळतात, तुझ्यावाचून कुणाचं अडणार नाही. जो प्राणी काढशील तो शर्ट आईला अंगावर घालावासा वाटेल का, हे एकदा मनाशी विचारत जा.

पण ती ज्याला ‘कोणाचं जंगल’ म्हणते, त्याबद्दल तिच्याशी बोल. घरात तेलाची पिशवी येते ती बघा, बिस्किटाचा पुडा बघा, साबण बघा. पामतेल जगात सगळ्यात जास्त आयात करणारा देश आपला आहे. इंडोनेशिया-मलेशियात वर्षावन तोडून ज्या बागा लावल्या, त्यांचं तेल तुमच्या चुलीपर्यंत येतं. ते जंगल परकं वाटतं खरं, पण आपल्या कढईशी त्याचा संबंध आहे. आई स्वयंपाक करते, तिला हे तुझ्यापेक्षा लवकर समजेल.

आणि तिच्या अर्ध्या प्रश्नाला उत्तर म्हणून दुसरी मालिका काढ, ‘झाडी’ नावाची, तिचा पैसा इथं राहू दे. तुमच्याच जिल्ह्यात भाताच्या बांध्यांत सारस आहेत. महाराष्ट्रात आता ते मुख्यतः तुमच्याकडेच उरलेत आणि ते शेतकऱ्याच्या धानाच्या शेतातच घरटं करतात. सारसाची जोडी, पायाखाली धान, एका स्क्रीनवर होईल. तिचे पैसे ग्रामसभेत ठराव करून द्यायचे, उन्हाळ्याआधी जाळरेषा काढणाऱ्यांच्या मजुरीला किंवा मोहाच्या हंगामात टोळीनं जाणाऱ्या बायकांसोबत राखणदार ठेवायला. हे ग्रामसभेनं ठरवावं, तू एकटीनं नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचा अधिकारही ग्रामसभेकडे आला, आणि मग त्या गावानं बांबू स्वतः विकला. जंगलाचे पैसे कुठं जावेत हे गावानं बसून ठरवता येतं, याचं एवढं जवळचं उदाहरण दुसरं नाही. दोन्ही मालिकांचे हिशोब मात्र वेगळ्या वह्यांत ठेव. धनेशाचे पैसे सारसाला आणि सारसाचे धनेशाला असं होऊ देऊ नकोस, भले दोन्ही चांगल्याच कामाला जात असोत.

दुकानाला आजच पत्र टाक. टॅगचा मजकूर, तुमचे 30 आणि आमचे 30, आणि मुदत आठ आठवडे, एवढं लेखी घे. आगाऊ रक्कम निम्मी माग, कोरे शर्ट त्यातून येतील. पहिले वीस छापून झाले की त्यातला एक माझ्याकडे पाठव, पण नवा नको. तो दहा वेळा धुतलेला पाठव.